पिंपवाल्याचं जोडपान

१

खण उघडला तेव्हा आत डांबराच्या गोळ्यांशिवाय काही नव्हतं. त्या जशाच्या तशा होत्या, कारण त्या चोरण्यात कोणालाच गोडी नव्हती.

आदल्या संध्याकाळी याच खणात एक चित्र ठेवलं होतं. मुलांसाठी निघणाऱ्या एका सचित्र चरित्राचं ते मधलं जोडपान, समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं. चरित्र पिंपवाल्याचं. पिंपवाला म्हणजे तोच जगप्रसिद्ध माणूस, जो लहानपणी बाजारात विकला गेला, लाकडी पिंपं बनवायला शिकला, आणि पुढे त्याच पिंपांत माणसं बसवून त्यांना जहाजाने मोकळ्या मुलखात पाठवत राहिला. मग त्याने गावोगाव इतकं सांगितलं, इतक्यांना सांगितलं, की शेवटी गुलामगिरी कायद्यानेच बंद करावी लागली. जोडपानावर तो बाजार होता. चौथऱ्यावर उभा केलेला पोरगा, बोली पुकारणारा, दात तपासणारे, आणि गर्दी करून उभे असलेले चांगल्या घरातले लोक.

पुस्तक उद्या छपाईला जायचं होतं आणि चित्र नव्हतं. प्रकाशन संस्थेच्या मालकांनी इमारत उलटीपालटी केली, पोटमाळ्यावरचं जुनं सामानसुद्धा हलवलं, आणि दुपारच्या आत निकाल लावला. चित्र चित्रकर्तीनेच परत नेलं. जोडपानावर सूर्योदय छापायचा. तो संस्थेकडे तयार होता आणि याआधी चार पुस्तकांत उगवला होता. मुखपृष्ठावरून चित्रकर्तीचं नाव काढायचं.

चित्रकर्ती घरी आली ती थेट आत्याच्या समोर बसली.

"आत्या, माझं नाव काढतायत."

"कुठून?"

"मुखपृष्ठावरून. वर सगळीकडे सांगतायत की ही चित्र देते आणि मागच्या दाराने पळवते. यापुढे मला काम कोण देणार?"

आत्याबाईंनी शब्दकोडं बाजूला ठेवलं. त्यांनी आयुष्यभर एका विमा कंपनीत आगीचे दावे तपासले होते. इतकी जळकी गोदामं पाहिली होती की माणसाच्या सज्जनपणावरचा त्यांचा विश्वासही त्यातल्याच एखाद्या आगीत जळाला होता. त्याची भरपाई त्यांनी कधी मागितली नव्हती.

"तू नेलंस का?"

"आत्या."

"विचारायला लागतं."

खरं म्हणजे विचारायची गरज नव्हती. भाचीला खोटं बोलायची अक्कलच नव्हती. मनातलं सगळं तिच्या चेहऱ्यावर यायचं, आणि तेच चित्रात उतरवण्यासाठी तिने टेबलापुढे एक आरसा टांगून ठेवला होता. लहानपणी ती त्यात बघून तोंडं वेडीवाकडी करत कागद रंगवायची. तिने काढलेल्या लांडग्यालासुद्धा घराण्याचं नाक असायचं, मध्येच पायरी असल्यासारखं. आत्याबाईंचं होतं तसंच.

"काल तुझी पिशवी तपासली कोणी?"

"नाही. मी पाहुणी ना. तिथे बाकी सगळ्यांच्या पिशव्या मालक दारात स्वतः बघतात. म्हणून तर म्हणतात, चित्र बाहेर नेऊ शकेल अशी मी एकटीच."

"म्हणजे तू नेलं नसशील तर ते आतच आहे," आत्याबाई म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या. "चल. सोपं आहे. आता फक्त मूर्ख कोण ते शोधायचं. तिथे गर्दी असणार."

२

संस्थेच्या दारात जेवणाच्या सुट्टीची रांग होती. बांधणी खात्यातल्या, पानं दुमडून शिवणाऱ्या बायका एकेक करून मालकांच्या टेबलापुढे येत आणि पिशवी उघडत. मालक आत हात घालून डबा हलवून बघत. डब्यात पेन्सिली असतील तर वाजतात, असा त्यांचा अनुभव होता. त्यांच्या डोक्यावर संस्थेचं बोधवाक्य होतं: 'मोकळं मन, मोकळं बालपण.'

एका वयस्क बाईच्या पिशवीतून त्यांनी घडी केलेलं अंतर्वस्त्र बाहेर काढलं, झटकलं आणि परत ठेवलं. बाई जमिनीकडे बघत राहिली.

आत्याबाईंनी मान वळवली आणि भिंतीवरची पाटी वाचायला घेतली. मोठ्या, जाड, छान पुठ्ठ्याच्या मधोमध दोनच ओळी होत्या: 'कृपया आपली पिशवी स्वतःहून उघडी ठेवावी. सहकार्याबद्दल आभार.' वरच्या बाजूला दोन चिमटे आणि एक खिळा.

"आज नवीन लागलीय," रांगेतली एक जण दुसरीला म्हणाली. "आता आभार पण मानायला लागले."

"मग काय, उद्या हार घालतील."

आत जाताना आत्याबाईंना अशा पाट्या जागोजागी दिसल्या. 'कृपया दार हळू लावावे.' 'कृपया नळ घट्ट फिरवावा.' पण त्या सगळ्या तळहाताएवढ्या होत्या आणि जुन्या वेष्टनांच्या किंवा फुकट गेलेल्या पानांच्या पाठीवर लिहिलेल्या. चित्रांच्या खणाची किल्ली तर भिंतीवरच टांगली होती, आणि खाली लिहिलं होतं: 'कृपया किल्ली कोणी घेऊ नये.' एवढा कडक बंदोबस्त असताना चोरी झाली म्हणजे चोर निर्ढावलेलाच असला पाहिजे.

मालकांनी त्यांना खुर्ची दिली आणि चहा सांगितला नाही.

"तुमच्या भाचीबद्दल मला वैयक्तिक काहीच म्हणायचं नाही," मालक म्हणाले. "पण कलावंत माणसं. आज देतील, उद्या मन बदलेल. आमच्याकडे कसं, एकेक वस्तू मोजलेली. आजोबांपासूनची शिस्त आहे. पाठकोरा कागद टाकायचा नाही. दोन्ही बाजू भरल्याशिवाय या इमारतीतून कागद बाहेर जात नाही."

"पुस्तकांतही तसंच दिसतं. कुठे श्वास घ्यायला जागा नसते."

"आभारी आहे," मालक म्हणाले.

"चित्र पाहिलं होतंत?"

मालकांनी इकडेतिकडे बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली. त्यांचे डोळे चमकायला लागले.

"काल चहाच्या वेळी आम्ही तिघांनी पाहिलं, मी, संपादिकाबाई आणि प्राध्यापक. खरं सांगू का, मला तर छापायचंच होतं. तो बोली पुकारणारा आहे ना, तो म्हणजे आमचे प्राध्यापक. हुबेहूब. तेच वर केलेलं बोट, तीच अर्धवट उघडी तोंडाची चोच. मी मनात म्हटलं, वा पोरी. पण त्यांच्या देखत हसणार कसं? त्यांच्याशिवाय मला त्यात दुसरं कोणी दिसलंच नाही."

"म्हणजे प्राध्यापकांनी चोरलं असेल?"

मालक एकदम मागे टेकले.

"मी तसं कुठे म्हटलं," ते म्हणाले, आणि ते म्हटल्याचं समाधान त्यांच्या गालांवर पसरत गेलं.

३

प्राध्यापकांनी चरित्राचा मजकूर लिहिला होता. आठ वर्षांच्या मुलांसाठी असल्यामुळे त्यांनी तळटीपा निम्म्याच ठेवल्या होत्या. पिंपवाल्याचा जन्म चौथ्या प्रकरणात होत होता. आधीच्या तीन प्रकरणांत त्याच्या जन्माची पार्श्वभूमी होती.

"चित्रं ही ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी असतात," ते बोट वर करून म्हणाले. मालकांनी वर्णन केलेलं तेच ते बोट. "तरी मी विरोध केला नाही. मी उदार आहे."

"ते दिसतंच आहे. जोडपान गेलं तर तुमचा मजकूर वाढवता आला असता, नाही का?"

"दोन पानं," प्राध्यापक लगेच म्हणाले. "लिहून तयार होती. पण मालक म्हणतात सूर्योदय. आता सूर्योदयाचा आणि गुलामगिरीच्या अर्थकारणाचा काय संबंध, हे त्यांना कोण विचारणार?"

"तुम्ही विचारा."

"मी? मला त्यांच्याकडूनच पुढचं पुस्तक काढायचंय."

गुलामगिरी उखडणाऱ्या माणसाच्या चरित्रकाराचा कणा इतका लवचीक असावा, याचं आत्याबाईंना नवल वाटलं नाही. जळालेल्या गोदामांत त्यांनी वितळलेलं शिसंही पाहिलं होतं.

"चित्रात कोणी ओळखीचं वाटलं का?"

प्राध्यापकांनी उठून दार लावलं. हळू लावलं, पाटी होती.

"तो दात तपासणारा जाडा गिऱ्हाईक," ते कुजबुजले. "आपले मालक. अहो, शेंबडं पोरही ओळखेल. पोराच्या तोंडात बोट घातलंय ते थेट पिशवीत हात घालतात तसं. मी तर म्हणतो, ती मुलगी थोर आहे. ते चित्र छापून आलं असतं तर मी विसेक प्रती स्वतःच्या पैशाने घेतल्या असत्या. लेखकाच्या सवलतीत, अर्थात."

"बाकी गर्दीत, कोपऱ्यात वगैरे, आणखी कोण होतं?"

"कोपऱ्यात? काही नसावं. भिंत असेल."

आत्याबाई बाहेर आल्या. भाची जिन्यात वाट बघत होती.

"काय झालं?"

"दोघांनाही चित्र मनापासून आवडलंय. प्रत्येकाला त्यात दुसरा दिसला. असलं चित्र माणूस चोरत नाही, चौकटीत घालून दिवाणखान्यात लावतो." त्या पायरीवर बसल्या. "ज्याला स्वतःच दिसलं, त्याने चोरलं. कोपऱ्यात काय काढलं होतंस तू?"

भाचीने सांगितलं. आत्याबाईंनी जिन्यावरून खाली दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तिसरं माणूस कोण उरलं?"

४

तिसऱ्या होत्या संपादिकाबाई. त्यांचा आवाज आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसा होता आणि त्यांच्या टेबलावर पांढऱ्या चिकटपट्टीची रिळं होती. मुलांच्या मनाला लागेल असा शब्द दिसला की त्या त्यावर पट्टी चिकटवत आणि वर मऊ शब्द लिहीत. पिंपवाल्याच्या मजकुरात 'गुलाम'च्या जागी 'बिनपगारी मदतनीस' झालं होतं. पिंपवाल्याच्या आईला 'विकलं' नव्हतं, 'दुसरीकडे राहायला पाठवलं' होतं. चाबकाचं काय करावं हे ठरत नव्हतं. सध्या तिथे नुसतीच पट्टी होती.

"मला फार वाईट वाटलं हो," संपादिकाबाई म्हणाल्या. "एवढी मेहनत त्या मुलीची. मी कोणाचं वाईट चिंतत नाही. मी तर कधी काही रद्दसुद्धा करत नाही. फक्त पुढे ढकलते."

"या इमारतीतल्या पाट्या तुम्हीच लिहिता?"

"हो. मालक बोलले असते तर कठोर वाटलं असतं. मी गोड करून लिहिते. तरी कोणी वाचत नाही."

"मी आज एक वाचली."

"वाचली?" बाईंचा हात रिळावर थांबला.

"चित्राबद्दल सांगा. कोणासारखं कोणी वाटलं का?"

"छे छे. सगळे काल्पनिक चेहरे." त्या पट्टीचं टोक नखाने उकरायला लागल्या. "तसं चित्र चांगलंच होतं. पण जरा एकांगी नाही का वाटत? म्हणजे गुन्हेगार ते गुन्हेगार, मान्य. पण ती कोपऱ्यातली बाई. तिने काय केलंय? हातात रुमाल आहे, भिंतीवरची पाटी वाचतेय. नुसती उभी आहे बिचारी. तिला कशाला त्या रांगेत बसवायचं? मुलांना वाटेल की तीसुद्धा वाईट."

"मी तिच्याबद्दल विचारलं नव्हतं," आत्याबाई म्हणाल्या.

नखाखालची पट्टी फाटली.

"दोघांना विचारलं मी," आत्याबाईंनी पर्स उचलली. "दोघांनाही ती दिसलेलीच नाही. एकाच्या मते तिथे भिंत आहे. आणि तुम्हाला तिच्या हातातला रुमालसुद्धा पाठ आहे."

"म्हणून काही मी..." संपादिकाबाईंचा आवाज आणखी मऊ झाला. "चित्र माझ्याकडे आहे का? बघा ना, शोधा. माझं कपाट उघडं आहे."

"माहीत आहे. तुमच्याकडे नाहीच आहे ते," आत्याबाई म्हणाल्या. "सगळ्यांना दारात बोलवा. मालकांच्या टेबलाशी."

५

मंडळी जमली. संध्याकाळ होत आली होती आणि बांधणी खात्यातल्या बायका घरी जायला पिशव्या घेऊन पुन्हा रांगेत उभ्या होत्या, त्यामुळे प्रेक्षकही आयतेच मिळाले. मालकांना ते आवडलं नाही.

"एवढा जाड पुठ्ठा," आत्याबाईंनी सुरुवात केली. "गुंडाळता येत नाही, वर रंगांचे थर, दुमडला तर तडकणार. पिशवीतून जाणं शक्य नाही, कारण इथे पिशवीतून पेन्सिलसुद्धा जात नाही. तुम्ही कपाटांत शोधलंत, कपाटांमागे शोधलंत, पोटमाळ्यावर शोधलंत. बरोबर?"

"सगळीकडे," मालक म्हणाले. "म्हणून तर म्हणतो, तुमच्या भाचीने..."

"थांबा. एक सांगा. ही भिंतीवरची नवी पाटी कोणाच्या सांगण्यावरून लागली?"

"बाईंनीच सकाळी लावली. चांगली कल्पना आहे."

"तळहाताएवढ्या पाट्यांच्या या घरात दोन ओळींसाठी एवढा मोठा, कोराकरकरीत पुठ्ठा? तुमच्या आजोबांना काय वाटेल?"

मालक दुखावले. आरोप गंभीर होता.

"कोरा कसला? रद्दी आहे ती. मी सकाळीच विचारलं. दुसरी बाजू आधीच वापरलेली आहे, असं बाईंनी मला स्पष्ट सांगितलंय."

"खोटं नाही बोलल्या त्या," आत्याबाई म्हणाल्या. "कशासाठी वापरलीय, ते बघितलंत?"

मालकांनी पाटीकडे बघितलं. मग संपादिकाबाईंकडे. कोणीच हललं नाही, तेव्हा भाची पुढे झाली, तिने चिमटे काढले आणि पुठ्ठा उलटा केला.

बाजार होता. चौथऱ्यावरचा पोरगा सरळ रांगेतल्या बायकांकडे बघत होता.

"मी फाडलं नाही हो," संपादिकाबाई म्हणाल्या. "पुस्तक छापून झालं की हळूच खणात ठेवणार होते. फक्त पुढे ढकललं."

"आणि माझं नाव?" भाचीने विचारलं. "ते पण पुढे ढकललंत?"

वाचायला आता पाटी उरली नव्हती, म्हणून संपादिकाबाई रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिल्या.

"पण तुम्ही लोकांची अशी चित्रं काढायलाच नको होती," मालक भाचीला म्हणाले, आणि उदारपणे प्राध्यापकांकडे हात केला. "यांचंच बघा. बोली पुकारताना दाखवलंय."

"मला?" प्राध्यापक म्हणाले. "अहो, दात तपासणारे तर..."

"दोघंही नाही आहात तुम्ही," भाची म्हणाली. "कोणीच नाही. मी आरशात बघून काढते. बोली पुकारणारा मी, दात तपासणारा मी, चौथऱ्यावरचा पिंपवालासुद्धा मीच. नाकं बघा ना."

सगळ्यांनी नाकं बघितली. प्रत्येक नाकात मध्येच एक पायरी होती. मालक आणि प्राध्यापक यांच्या तोंडावर आधी निराशा आली, मग सुटका, आणि मग दोघंही पुन्हा चित्रात डोकं घालून बसले. आता मात्र स्वतःला शोधत.

"मग ती बाई?" संपादिकाबाईंनी हळूच विचारलं. "ती मी नव्हते?"

"तिने नाही काढलं तुम्हाला," आत्याबाई म्हणाल्या. "तुम्ही आपल्या पायाने जाऊन तिथे उभ्या राहिलात."

६

मालकांनी मन मोठं केलं. नाव राहील म्हणाले. फक्त जरा बारीक अक्षरात, झाल्या प्रकारानंतर.

"प्राध्यापकांच्या नावाएवढ्या," आत्याबाई म्हणाल्या.

"असं कसं? ते लेखक आहेत."

"मग प्रकाशन समारंभाला हेच मूळ चित्र लावू. छताला दोरीने टांगू, म्हणजे पाहुण्यांना दोन्ही बाजू दिसतील. तुमच्याकडे तशीही एक बाजू वाया घालवत नाहीत."

मालकांनी पुठ्ठ्याची पाठ मनातल्या मनात वाचली. पिशवी, स्वतःहून, सहकार्य. मग म्हणाले, "प्राध्यापकांच्या नावाएवढं. सूर्योदय पुढच्या पुस्तकात घेऊ."

काम झालं होतं. आत्याबाईंना नेहमीसारखं वाटायला हवं होतं: दावा निकाली, माणसं होती तशीच निघाली, आता घरी जाऊन शब्दकोडं. जाता जाता त्यांनी चित्राकडे शेवटचं एकदा बघितलं, कोपऱ्यातल्या बाईकडे. रुमाल, ताठ मान, पायरीचं नाक. पाठीमागे पोरगा विकला जात होता आणि बाई अगदी मन लावून पाटी वाचत होती.

"हिला केव्हा काढलंस?" त्यांनी विचारलं.

"शेवटी. कोपरा रिकामा वाटत होता. आत्या, चेहरा माझाच आहे गं."

"नाक माझं आहे," आत्याबाई म्हणाल्या.

भाचीला वाटलं, आत्या गंमत करतेय. "हो, पण खरंच, त्या पाटीकडे तुझं लक्ष गेलं कसं? आज दिवसभरात शंभर माणसं त्या दारातून गेली. कोणी नीट बघितलं नाही."

"मला तेव्हा दुसरीकडे बघायचं नव्हतं," आत्याबाई म्हणाल्या.

मागे टेबलाशी मालकांनी घसा साफ केला. तमाशा संपला होता, शिस्त सुरू करायला हवी होती. रांगेत पहिली तीच दुपारची वयस्क बाई होती. तिने पिशवी टेबलावर ठेवली.

आत्याबाई दारापर्यंत गेल्या होत्या. त्या परत आल्या आणि टेबलापासून हातभर अंतरावर उभ्या राहिल्या.

"तुमचं काही राहिलं का?" मालकांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"बघतेय."

मालकांनी पिशवीत हात घातला. आत्याबाई वाकल्या, पिशवीत नाही, मालकांच्या तोंडाकडे नीट दिसावं म्हणून. त्यांनी चष्मासुद्धा काढून पुसला आणि पुन्हा लावला. रांगेतल्या बायका मालकांकडे बघायला लागल्या. भाचीच्या हातातला पुठ्ठा अजून सरळच होता, त्यामुळे पोरगाही बघत होता.

"तुम्ही निघा ना, उशीर होईल तुम्हाला," मालक म्हणाले.

"मला काही घाई नाही. तुमचं चालू द्या. डबा हलवून बघा, वाजतो का."

मालकांचा हात पिशवीतच राहिला. मग तो रिकामा बाहेर आला, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

"जा, जा," ते बाईला म्हणाले. "सगळ्याच जा आज. उशीर झालाय."

पिशव्या न उघडताच दाराबाहेर गेल्या. आत्याबाई शेवटची पिशवी जाईपर्यंत उभ्या होत्या. मग भाचीला म्हणाल्या, "उद्या पुन्हा येऊ. मला रिकामाच वेळ आहे."